एकतीस मेच्या आतलं मरण

नमो बुद्धाय. जय भीम.

मी, श्रीमती कौसल्या देवराव पाझारे, वय एकोणसाठ वर्षे आठ महिने, धर्म बौद्ध, धंदा नोकरी (कोळसा खाणीच्या बत्तीघरात कायम कामगार), राहणार राजूर, तालुका वणी, जिल्हा यवतमाळ, आज रविवार दिनांक १९ जानेवारी २०२५ रोजी माझ्या घरी, दिवसाढवळ्या, माझ्या हाताने हे लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धमकावलेलं नाही, फूस लावलेली नाही. छातीत गाठ आहे, तिचा डोक्याशी संबंध नाही. येत्या बुधवारी नागपूरला माझं पहिलं सलाईन लागणार आहे आणि त्यानंतर हात किती चालेल ते माहीत नाही, म्हणून आजच.

वणीच्या वकीलसाहेबांनी मला एक नमुना टाइप करून दिला होता. दीड पानाचा. त्यात माझं घर होतं, बँक होती, वारस होते, फक्त मी नव्हते. म्हणून नमुन्यातली कलमं ठेवली आणि मधलं मी भरलं. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात एवढं लिहीत नसतात." मी म्हटलं, बाकी कुठं लिहू ते सांगा. 

कलम १. माझे वारस.

माझे पती देवराव पाझारे हे खाणीत लोडर, म्हणजे कोळसा भरणारे कामगार होते. ते ११ नोव्हेंबर २००१ रोजी काविळीने वारले. मला दोन अपत्यं. थोरला मुलगा संघदीप, वय चौतीस. आयटीआय फिटर पास आहे. ज्या खाणीत मी कायम आहे त्याच खाणीच्या फाटकावर तो ठेकेदाराकडून सुरक्षा रक्षक म्हणून उभा असतो. त्याची पत्नी दीपमाला, आणि त्यांची मुलगी निशिगंधा, दुसऱ्या वर्गात. धाकटी माझी मुलगी साधना, वय एकतीस, अविवाहित. फुलसावंगीच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर, आठ वर्षांपासून.

म्हणजे या घरात कमावणारे तिघं आहेत, आणि कायम एकटी मी.

कलम २. घर.

राजूर येथील तीन खोल्यांचं घर माझं स्वकष्टार्जित आहे. पतीच्या मागे मिळालेल्या नोकरीच्या पगारातून मी ते बांधलं. ते घर माझ्या पश्चात माझी सून दीपमाला हिच्या मालकीचं होईल. संघदीपला त्यात मरेपर्यंत राहण्याचा हक्क राहील, विकण्याचा किंवा गहाण ठेवण्याचा राहणार नाही. साधना कधीही आली तर पुढची खोली तिची, त्यासाठी तिने कोणाला विचारायचं नाही.

मुलगा असताना सुनेला घर का, असं लोक विचारतील. कलम पाच वाचलं की विचारणार नाहीत.

शिलाई मशीनही दीपमालाचं. पायडल उजव्या बाजूला अडतं, तेल तिथेच द्यायचं.

कलम ३. कंपनीकडून येणारी रक्कम.

ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड आणि विमा यांचे तीन सारखे भाग करावेत: साधना, दीपमाला, आणि निशिगंधाच्या नावाने बँकेत, ती अठरा वर्षांची होईपर्यंत. आकडे मी इथे लिहीत नाही. राजूरमध्ये माझ्या पगाराचा आकडा माझ्यापेक्षा जास्त लोकांना पाठ आहे.

या पगाराबद्दल मात्र मला लिहायचं आहे. मी बावीस वर्षं बत्तीघरात बसले. खाणीत उतरणारा प्रत्येक माणूस खिडकीशी येऊन टोकन देतो, मी त्याला टोपीचा दिवा देते. तो वर आला की दिवा परत घेते आणि टोकन देते. कायम कामगाराला तोच दिवा, ठेकेदाराच्या माणसाला तोच दिवा. खाली काळोख तोच. पगार मात्र एकाचा पाच-सहा पट. कायम माणसाला क्वार्टर, दवाखाना, रजा, बायकापोरांची औषधं, म्हातारपणी पेन्शन. ठेकेदाराच्या माणसाला हजेरी, ती भरली तर.

मी काही तक्रार करणारी नाही. त्या पगारावर मी सासूला सांभाळलं, दोन मुलं शिकवली, दोन भाचींची लग्नं लावली, दिराच्या मुलाचं हॉस्टेल भरलं. बाजारात भाजीवाली मला पाहून भाव चढवायची, "कंपनीवाल्या बाई हायेत" म्हणायची. मी द्यायची. पण दर सकाळी मी फाटकातून आत जायची तेव्हा माझाच मुलगा तिथे निळा शर्ट घालून उभा असायचा. मागच्या दिवाळीला मला बोनस मिळाला, त्यात त्याची सहा महिन्यांची मजुरी बसली असती. त्याला ठेकेदाराने सोनपापडीचा डबा दिला. तो त्याने घरी आणून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "घे आई, माहा बोनस." आम्ही दोघं हसलो. दीपमाला हसली नाही.

कलम ४. दीर मारोतराव पाझारे यांच्याबाबत.

पती वारल्यावर कंपनीच्या नियमाने घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. दिरांना ती स्वतःसाठी हवी होती. दिवसकार्याच्या आधीच ते म्हणाले, "बाईमाणूस खाणीत काय करन? तुह्या पोराइले मी पोसतो नं." भाऊ दावेदार होत नाही, हे युनियनच्या लोकांनी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं की मी त्यांच्या आईला, म्हणजे माझ्या सासूबाई तानाबाई यांना, मरेपर्यंत सांभाळीन. मी सोळा वर्षं सांभाळलं. त्या माझ्या मांडीवर गेल्या. तो स्टॅम्पपेपर पेटीत वरच आहे. तो मारोतरावांना परत द्यावा. अट पूर्ण झाली. याशिवाय त्यांना काही देणं नाही. तेवीस वर्षं ते चारचौघांत म्हणत आले की ही माझ्या भावाच्या मरणावर बसून खाते. तेही मी त्यांना परत देते.

कलम ५. रेफर लेटरबाबत.

हे कलम लिहू नको असं माझी मैत्रीण लालीबाई हिने मला हात धरून सांगितलं. ती म्हणाली, "पोराचं नाव कागदावर नको आणू वो बाई. तू जाशीन, कागद राहीन." तरी लिहिते. मी लिहिलं नाही तर संघदीप उरलेलं आयुष्य या भीतीत काढेल की कोणी तरी, कधी तरी बोलेल. त्यापेक्षा त्याच्या आईनेच बोललेलं बरं.

मागच्या ऑगस्टमध्ये डाव्या छातीत गाठ लागली. आधी मी कोणाला सांगितलं नाही. मग दीपमालाला सांगितलं. तिने दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले की नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात जावं लागेल, खर्च सगळा कंपनीचा, फक्त रेफर लेटर मंजूर होऊन यायचं आहे, आठवडाभरात या. माझी ड्युटी, आणि संघदीपचं फाटक दवाखान्याला लागून. म्हणून लेटर त्याने आणायचं ठरलं.

सप्टेंबर गेला. तो म्हणायचा, "वरून सही नाई आली, आई." ऑक्टोबर गेला. "सायब सुट्टीवर हाये." दिवाळी झाली. खरं सांगते, मलाही ते बरंच वाटायचं. कापाकापीची भीती होती. सही येत नाही तोवर मी धडधाकट, असं मी मनाला सांगत होते. गाठ मात्र सहीसाठी थांबली नव्हती.

२४ डिसेंबरला लालीबाई बत्तीघराच्या खिडकीशी आली. ती कंपनीच्या दवाखान्यात आया आहे, माझ्या बरोबरीची. ती म्हणाली, "काहून वो कौसल्याबाई, नागपूरले गेल्ल्या नाही का अजून?"

मी म्हटलं, "लेटरच आलं नाही तं कशी जाऊ?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. "असं काय बोलता? अठरा सप्टेंबरले तं नेलं तुमच्या पोरानं. माह्यासमोर सही केली त्यानं रजिस्टरात."

पुढे दोन तास मी दिवे दिले आणि घेतले. एकही चुकला नाही.

संध्याकाळी संघदीप ड्युटीवरून आला. दीपमाला भाकरी टाकत होती, निशिगंधा पाढे लिहीत होती. मी विचारलं, "लेटर कुठं हाये?"

त्याने कोणतं म्हणून विचारलं नाही. बूट न काढता आत गेला. कपाटावर त्याची आयटीआयच्या सर्टिफिकेटांची फाइल असते, तिच्यातून कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. घडीही नव्हती पडलेली. नीट ठेवला होता.

"काहून रे?" मी विचारलं.

तो भिंतीला टेकून खाली बसला. म्हणाला, "पह्यल्या दिवशी खरंच इसरलो, आई. तुही शप्पथ. दुसऱ्या दिवशी आठवलं, पन देल्लं नाही. मंग रोज देणं आखीन कठीण होत गेलं."

"पन काहून?"

"तुले माहीत हाये काहून."

मला माहीत होतं. कंपनीत प्रत्येकाला माहीत असतं. कायम कामगार नोकरीत असताना मेला तर त्याच्या एका मुलाला किंवा मुलीला कायम नोकरी मिळते, वय पस्तीसच्या आत असलं तर. निवृत्त झाल्यावर मेला तर काही नाही. मी ३१ मे २०२५ रोजी निवृत्त होते. संघदीपला ऑगस्टमध्ये पस्तीस पूर्ण होतात. मी मेच्या आत गेले तर तो फाटकावरून आत येतो. मी जूनमध्ये गेले तर तो जन्मभर फाटकावर.

तो रडला नाही. जमिनीकडे पाहून बोलत राहिला. "मी तुले माराले नाही पाहत होतो, आई. मी फकस्त काहीच करत नव्हतो. मले वाटे, जे व्हायचं ते होईन, माह्या हातून नाही होत हाये. मी रोज तुले फाटकातून आत जाताना पाहो, अन् मनात दिवस मोजो. मंग सोताचीच लाज वाटे. मंग दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजो."

दीपमालाने गॅस बंद केला. तिला यातलं काही माहीत नव्हतं, हे मी शपथेवर लिहिते. तिने निशिगंधाला उचललं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. दुसऱ्या सकाळी ती माहेरी घाटंजीला गेली. आठ दिवसांनी आपणहून परत आली आणि मला म्हणाली, "आत्याबाई, मी त्याइच्यासाठी नाही आली, तुमच्यासाठी आली. मले ती नोकरी या घरात नाही पाहिजे." म्हणून घर तिचं.

६ जानेवारीला आम्ही नागपूरला गेलो, मी, साधना आणि संघदीप. मोठ्या डॉक्टरांनी लेटरवरची तारीख पाहिली आणि विचारलं, "साडेतीन महिने कुठे होता तुम्ही?"

साधनाने संघदीपकडे पाहिलं. तिला मी फोनवर सगळं सांगितलं होतं. संघदीपने तोंड उघडलं, त्याच्या आत मी म्हटलं, "मीच घाबरली होती साहेब. मुलं मागं लागली होती, मीच ऐकलं नाही."

डॉक्टर म्हणाले की सप्टेंबरात गाठ एकाच जागी असणार होती. आता काखेत आहे आणि लिव्हरवर डाग दिसतात. आधी सलाईनमधून औषध, मग ऑपरेशनचा विचार. किती दिवस, हे मी विचारलं. ते म्हणाले, "औषध कसं लागू पडतं त्यावर. दोन महिने, दोन वर्षं, आज काही सांगता येणार नाही."

परतताना बस वरोऱ्याला थांबली तेव्हा संघदीप उतरला आणि माझ्यासाठी पाण्याची बाटली घेऊन आला. मला तहान नव्हती. मी ती प्यायले.

कलम ६. माझ्या स्वतःच्या गुन्ह्याबाबत.

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

नोव्हेंबर २००१ मध्ये देवराव चंद्रपूरच्या दवाखान्यात होते. कावीळ डोक्यात गेली होती, पण ते शुद्धीवर यायचे, बोलायचे. मी बाहेर बाकावर बसले होते. युनियनचे एक भाऊ भेटायला आले. मला धीर देत म्हणाले, "बाई, काही वाईट झालंच तर घाबरू नका. देवराव कायम आहेत. तुमची नोकरी पक्की समजा."

संघदीप तेव्हा अकरा वर्षांचा होता, साधना आठ. घरात ज्वारी संपत आली होती. ते शब्द ऐकून मला हलकं वाटलं. मी त्या बाकावर बसून मनात हिशेब केला की पोरं शिकतील.

देवराव तेव्हा जिवंत होते. भिंतीच्या पलीकडे होते.

मी आत गेले. त्यांनी विचारलं, "काय म्हणत होते भाऊ?" मी म्हटलं, "तुमच्या रजेच्या अर्जाचं." त्यांनी मान हलवली. दोन दिवसांनी ते गेले. मी त्यांना औषध द्यायला कधी चुकले नाही, रात्रंदिवस बसले, कोणता कागद लपवला नाही. तरी त्या दोन दिवसांत मी त्यांच्या डोळ्यांत पाहू शकले नाही.

संघदीप भिंतीला टेकून "दिवस मोजो" म्हणाला तेव्हा मी त्याच्या थोबाडीत मारणार होते. हात उचललाही होता. तो बाक आठवला आणि हात खाली आला.

म्हणजे मी त्याला माफ केलं असं नाही. त्याने केलं ते माझ्यापेक्षा मोठं आहे. मी मनात आणलं, त्याने फाइलीत ठेवलं. पण हे दोन्ही एकाच घरात, एकाच नोकरीपायी झालं, एवढं नोंदवते.

कलम ७. नोकरीबाबत.

वकीलसाहेबांनी समजावलं की नोकरी ही मालमत्ता नाही, ती मृत्युपत्राने देता येत नाही, तो कंपनीचा नियम आहे. मी म्हटलं, माझ्या घरात तेवीस वर्षं तिच्याइतकी मोठी मालमत्ता दुसरी नाही, मग मी तिच्याबद्दल गप्प कशी बसू. शेवटी ते म्हणाले, "इच्छा म्हणून लिहा."

तर माझी इच्छा. ही मी तीनदा लिहून तीनदा खोडली.

पहिल्यांदा लिहिलं की नोकरी कोणालाच मिळू नये. मग निशिगंधा पाटी घेऊन आली; हिला कोण शिकवणार म्हणून खोडलं.

दुसऱ्यांदा लिहिलं की साधनाला मिळावी. तिला विचारलं. ती सरळ पोर आहे, सरळ बोलली. "आई, खोटं नाही बोलत, मले बी पाहिजे. कायम होण्यासाठी आम्ही यवतमाळले कलेक्टर कचेरीसमोर सतरा दिवस मांडवात बसलो. माह्यासोबतच्या दोघीइचे लग्न मोडले, कंत्राटी म्हणून. कायम नोकरी काय असते ते मले नको सांगू. पन तू मेली म्हणून मिळालेल्या खुर्चीवर बसून मी दुसऱ्याच्या मायले इंजेक्शन कशी देऊ?" मग ती उठून गेली आणि न्हाणीघरात बराच वेळ नळ चालू होता.

तिसऱ्यांदा संघदीपचं नाव लिहिलं, आणि माझाच हात थांबला. ते लिहिणं म्हणजे त्याच्या फाइलीवर मी सही केल्यासारखं होतं.

आता चौथ्यांदा लिहिते, हे शेवटचं. मी ३१ मे २०२५ च्या आत मेले तर पहिला हक्क साधनाचा. तिने लेखी नकार दिला तरच संघदीपचा, आणि तोही दीपमालाने लेखी संमती दिली तर. या दोन बायकांच्या सह्यांशिवाय त्याने अर्ज करू नये. कंपनी हे मानो न मानो, संघदीपने मानावं.

आणि खरी इच्छा वेगळीच आहे. मला मरायचं नाही. सगळ्या घराची सोय माझ्या मरण्यात आहे हे कळूनही मला जगावंसं वाटतं. याची मला लाज वाटते आणि राग येतो. कंपनीत जाऊन विचारून आले की आजारपणामुळे मीच आत्ता नोकरी सोडली आणि मुलाला दिली तर चालेल का. म्हणजे मी जिवंत आणि त्याला काम. तिथले बाबू म्हणाले, "बाई, अठ्ठावन्नच्या आत आल्या असत्या तं काही पाहता आलं असतं. आता एकच रस्ता हाये." मग त्यांनाच वाईट वाटलं आणि त्यांनी मला चहा मागवला.

कलम ८. उपचाराचे निर्णय.

मी बेशुद्ध असताना श्वासाचं मशीन लावायचं की नाही, काढायचं की नाही, हे फक्त साधना ठरवेल. संघदीपने त्या कोणत्याही कागदावर सही करू नये. त्याच्यावर विश्वास नाही म्हणून असं समजलं तरी चालेल. पण दुसरं कारणही आहे. त्याच्या सहीनंतर मी मेले तर लोक त्याला सोडणार नाहीत, आणि तो स्वतःला सोडणार नाही.

कलम ९. अंत्यविधी.

पांढरी साडी, पंचशील, भन्ते यांच्याकडून परित्राण पाठ. मी नोकरीत असताना गेले तर कंपनीचे अधिकारी हार घेऊन येतील. येऊ द्यावं. भाषण करू देऊ नये. पुण्यानुमोदनाला जेवण साधं, वरण-भात, आणि बत्तीघरातल्या ठेकेदाराच्या पोरींना आधी वाढायचं. त्यांना पंगत सोडून ड्युटीवर जावं लागतं.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी साधनाने करावी. याआधी मी असं काही लिहिलेलं नाही. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिलं, मी त्यांना करताना पाहिलं. त्यांना यातून काही मिळणार नाही.

ठिकाण: राजूर, ता. वणी, जि. यवतमाळ
दिनांक: १९ जानेवारी २०२५

(सही) कौसल्या देवराव पाझारे

साक्षीदार:
१. (सही) लालीबाई, कंपनी दवाखान्यात आया, राजूर
२. (सही) फुलचंद राठोड, निवृत्त हजेरी बाबू, राजूर

पुरवणी

मी, वरील कौसल्या देवराव पाझारे, आज सोमवार दिनांक २ जून २०२५ रोजी ही पुरवणी जोडते. अक्षर बदललेलं दिसेल. औषधाने बोटं बधिर झाली आहेत, पण लिहिणारी मीच आहे.

मी निवृत्त झाले. म्हणून कलम सात आपोआप रद्द आहे.

मधे काय झालं ते नोंदवते, कारण कलम आठ मोडलं गेलं आहे.

पाचव्या सलाईननंतर, मेच्या सुरुवातीला, मला ताप चढला आणि छाती भरली. संघदीपनेच नागपूरला नेलं. तो प्रत्येक सलाईनला आला होता. ठेकेदार सुट्टी देत नाही, म्हणून गैरहजेरी लावून घेत होता. ७ मेच्या दुपारी मला श्वास घेता येईना. साधना फुलसावंगीहून निघाली होती, बस यवतमाळच्याही पुढे आली नव्हती. डॉक्टरांनी संघदीपला सांगितलं की आत्ता मशीन लावलं नाही तर अर्धा तास. लावायचं असेल तर सही करा, नको असेल तरी सही करा.

कलम आठ त्याला माहीत होतं. मीच वाचून दाखवलं होतं. त्याने साधनाला फोन लावला, रेंज नव्हती. पुन्हा लावला. मग त्याने कागद घेतला आणि मशीन लावा म्हणून सही केली. ३१ मेला चोवीस दिवस होते.

हे मला त्याने सांगितलं नाही. साधनाने सांगितलं. ती तीन तासांनी पोहोचली तेव्हा तो जिन्यात बसला होता आणि बॉलपेन अजून हातात होतं. तिला पाहून म्हणाला, "मी सही केली. तुले इचाराले पाहिजे होतं. फोन नाही लागला." ती त्याच्या शेजारी बसली. डिसेंबरपासून ती त्याच्याशी बोलली नव्हती.

मी सहा दिवस मशीनवर होते आणि उतरले. तेवढ्या दिवसांत ठेकेदाराने त्याच्या जागी दुसरा माणूस उभा केला. आता फाटकही नाही.

३१ मेला निरोप समारंभ झाला. दीपमालाने मला डोक्यावर पदर देऊन खुर्चीत बसवलं. शाल, नारळ, साहेबांचं भाषण. बत्तीघरातल्या पोरी रडल्या. संघदीप मागे उभा होता. लोक त्याच्याकडे पाहत होते. त्यातल्या काहींच्या डोळ्यांत मी तेच वाचलं जे राजूरमध्ये प्रत्येकाच्या मनात येतं: थोडक्यात हुकलं याचं.

डॉक्टरांनी ऑपरेशन होणार नाही म्हणून सांगितलं आहे. पावसाळा निघेल म्हणतात. पुढचं बोलत नाहीत.

काल सकाळी संघदीपने मला हे मृत्युपत्र मागितलं. पाचवं कलम त्याने कधी वाचलं नव्हतं. ओट्यावर बसून सगळं वाचलं, सहावंही. मी म्हटलं, "पाचवं काढून टाकू का? वकील नवं करून देतील." तो म्हणाला, "राहू दे. खरं हाये." मग सहाव्या कलमावर बोट ठेवून त्याने ते पुन्हा वाचलं आणि कागद माझ्याकडे परत दिले.

आठ वाजताची गोळी द्यायला तो आत आला. पाण्याचा पेला माझ्या ओठाला लावून धरला, कारण माझ्या हातात तो राहत नाही. आणि म्हणाला, "आई, आता तुह्या मरणात माहा काहीच फायदा नाही."

असं वाक्य कोणत्या आईला ऐकायला मिळतं ते मला माहीत नाही. तो हे बोलला तेव्हा त्याचा चेहरा अकरा वर्षांचा होता. मी गोळी गिळली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बोटांना केस कळत नव्हते. तरी ठेवला.

म्हणून बदल इतकाच. कलम आठ बदलून: यापुढे माझ्या उपचाराच्या कागदावर साधना आणि संघदीप, दोघांपैकी जो जवळ असेल त्याने सही करावी. बाकी घर, शिलाई मशीन, रक्कम, स्टॅम्पपेपर, सगळं वर लिहिल्याप्रमाणे कायम.

ठिकाण: राजूर
दिनांक: २ जून २०२५

(सही, आणि सही ओळखू येत नसल्याने डाव्या अंगठ्याचा ठसा) कौसल्या देवराव पाझारे, निवृत्त

साक्षीदार:
१. (सही) लालीबाई
२. (सही) फुलचंद राठोड